पाणचट सूप मिळून कसं येतं

भाज्या चिरल्या, कुकरला लावल्या, मिक्सरमधून फिरवल्या, गाळून पुन्हा उकळल्या आणि वाटीत ओतल्यावर दिसलं नुसतं रंगीत पाणी. घरच्या सुपाबद्दलची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचा उपायही ठरून गेला आहे: कॉर्नफ्लॉवरचा डबा काढायचा, पाण्यात दोन चमचे कालवायचे आणि सुपात ओतायचे. सूप दाट होतं, यात शंका नाही. पण पाणचट सुपाला पीठ लावलं तर पाणचटपणा तसाच राहतो, फक्त चमच्याला चिकटायला लागतो. वर पिठूळ द्रवात मीठ आणि वास दोन्ही जिभेला कमी जाणवतात, त्यामुळे चव आधीपेक्षा फिकीच लागते.

म्हणून आधी बघायचं, की सूप पातळ का झालं. पाणी जास्त पडलं, की भाजीच अशी निवडली की जिच्यात दाटपणा देण्यासारखं काही नाही, की होता तो दाटपणा आपणच गाळून टाकला? उत्तर मिळालं की उपाय बहुतेक वेळा पातेल्यातच सापडतो. डबा उघडायची वेळ शेवटी येते, आणि पुष्कळदा येतही नाही.

पाणी आलं कुठून

दुधी भोपळ्यात वजनाच्या साधारण ९५ ते ९६ टक्के पाणी असतं. टोमॅटोत ९४-९५, कोबीत ९२, पालकात ९१, लाल भोपळ्यातही नव्वदच्या वर. म्हणजे अर्धा किलो दुधी चिरून कुकरच्या भांड्यात टाकला तेव्हाच जवळजवळ पावणेपाचशे ग्रॅम पाणी आत गेलेलं असतं. त्यावर सवयीने भाजी बुडेपर्यंत पाणी घातलं की पुढचं सगळं ठरून गेलं. गाजर आणि बीट त्या मानाने बरे, ८८च्या आसपास. बटाटा ८०च्या आतबाहेर. दाटपणा कुठली भाजी देईल आणि कुठली मागेल, हे या आकड्यांवरून बऱ्यापैकी कळतं.

दुसरं कारण म्हणजे कुकर. उघड्या पातेल्यात भाजी शिजताना वाफ सतत निघून जाते, पाणी आपोआप आटतं. कुकरमध्ये वाफ आत कोंडलेली असते, शिट्टीतून जाते ती अगदी थोडी. जेवढं पाणी घातलं जवळपास तेवढंच, आणि वर भाजीने सोडलेलं, असं सगळं झाकण उघडल्यावर समोर येतं. जुन्या पुस्तकातली किंवा उघड्या पातेल्यासाठी लिहिलेली कृती कुकरमध्ये करायची तर पाणी निम्म्याहून कमी करावं लागतं. दुधी, टोमॅटो, कोबी अशा भाज्यांना अर्धा किलोला अर्धा कप पाणी पुरतं, तेही तळ लागू नये म्हणून. बाकीचं पाणी वाटून झाल्यावर, हवं तेवढंच, वरून घालावं. वरून पाणी घालायला एक मिनिट लागतं, आत गेलेलं बाहेर काढायला पंधरा.

आधी आटवून बघा

पाणीच जास्त झालं असेल तर ते उडवणं हा सगळ्यांत प्रामाणिक उपाय. यात चव पातळ होत नाही, उलट एकवटते. भांडं रुंद घ्यावं, झाकण काढावं आणि मध्यमपेक्षा जरा मोठ्या आचेवर सूप रटरटू द्यावं. लिटरभर सुपातून पंधरा मिनिटांत पाव लिटर पाणी सहज जातं. उंच, निमुळत्या भांड्यात हेच काम रेंगाळतं, कारण वाफ निघते ती पृष्ठभागावरून.

दोन गोष्टींची काळजी घ्यायला हवी. मीठ आटवून झाल्यावर घालावं. आधीच घातलेलं असेल तर तेही एकवटतं आणि सूप खारट होतं. दुसरं, सगळ्या भाज्या इतका वेळ उकळून घेत नाहीत. पालकाचा हिरवा रंग उष्णतेने आणि भाजीतल्याच आंबटपणाने मळकट शेवाळी होतो. कोबी आणि फ्लॉवर जास्त शिजले की त्यांचा तो ओळखीचा उग्र वास घरभर फिरतो. अशा वेळी भाजी चाळणीवर उपसून बाजूला ठेवावी, खालचं पाणी एकटंच आटवावं आणि निम्मं झाल्यावर भाजी परत घालावी. वाटून झालेल्या सुपाला ही सोय राहत नाही, त्यामुळे मिक्सर लावण्याआधीच पातेल्यात डोकावून पाणी किती आहे ते बघून घेतलेलं बरं.

भाजीचाच लगदा

सुपात भाजीचे तुकडे असतील आणि रस पातळ असेल, तर दोन-तीन डाव भाजी काढून वाटायची आणि परत घालायची. बाहेरचं काहीच आलं नाही, चव बदलली नाही, रंग उलट गडद झाला. वाटताना त्यात चमचाभर तूप किंवा लोणी घातलं तर ते लगद्यात बारीक विखुरतं आणि सूप जिभेला मऊ लागतं.

गाळण्याबद्दल मात्र जरा वाद घालायला हवा. सूप गुळगुळीत हवं म्हणून आपण वाटलेलं सगळं बारीक गाळणीतून काढतो आणि वरचा चोथा टाकून देतो. भाजीतले तंतू, पेशींच्या भिंती, पेक्टिन, म्हणजे पाणी धरून ठेवणारा सगळा ऐवज त्या चोथ्यात असतो. तो टाकायचा आणि मग मक्याचं सत्त्व घालून भरपाई करायची, हा उलटा धंदा झाला. गाळायचंच असेल तर जरा मोठ्या भोकांची गाळणी घ्यावी आणि चमच्याच्या पाठीने दाबून दाबून गर खाली उतरवावा. वर राहिलेल्या साली आणि बिया तेवढ्या जाऊ द्याव्या.

याहून चांगलं साधन बऱ्याच घरांत होळीनंतर माळ्यावर जाऊन बसतं: पुरणयंत्र. बारीक चकती लावून शिजलेल्या भाज्या त्यातून फिरवल्या की गर खाली पडतो, साली आणि बिया वर राहतात. मिक्सरमध्ये टोमॅटोच्या बिया फुटून किंचित कडवटपणा येतो, तो इथे येत नाही. युरोपातल्या घरांत सुपासाठी अगदी याच धाटणीचं हातयंत्र वापरतात. आपण त्याला वर्षातून एक-दोन दिवसांच्या कामावर नेमलं आहे, एवढाच फरक.

मिक्सरच वापरणार असाल तर एक सांगायला हवं. उकळतं सूप बंद भांड्यात फिरवलं की एकदम वाफ होते, झाकण उडतं आणि सूप हातावर-तोंडावर येतं. भांडं निम्म्याहून जास्त भरू नये, सूप कोमट होऊ द्यावं, झाकणाची मधली टोपी काढून तिथे दुमडलेलं फडकं धरावं आणि सुरुवात थांबून थांबून करावी.

टोमॅटोचं वेगळं गणित

एकाच टोपलीतले टोमॅटो घेऊन दोन घरांत सूप केलं, एकीकडे दाट झालं आणि दुसरीकडे पाणी सुटलं, असं घडू शकतं. टोमॅटोत पेक्टिन भरपूर असतं, आणि त्याच टोमॅटोत पेक्टिन तोडणारी विकरंही असतात. फळ अख्खं असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. चिरलं किंवा कच्चं वाटलं की पडते, आणि विकरं कामाला लागतात. कच्चे टोमॅटो वाटून अर्धा तास ओट्यावर ठेवले तर वर गर आणि खाली पिवळट पाणी असे दोन थर दिसतात ते यामुळे.

टोमॅटोची पेस्ट करणाऱ्या कारखान्यांत हे पक्कं ठाऊक असतं. दाट पेस्ट हवी असेल तर टोमॅटो चिरडताक्षणी ९० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहून वर तापवतात; विकरं तिथेच संपतात आणि पेक्टिन वाचतं. पातळ रस आणि ताजा रंग-वास हवा असेल तर ६५ अंशांच्या आसपासच थांबतात. घरी एवढंच करायचं, की टोमॅटो कच्चे वाटायचे नाहीत. पातेल्यात तूप-तेल चांगलं तापलं किंवा पाण्याला खळखळून उकळी आली, की मगच चिरायला घ्यायचे आणि चिरले तसे टाकत जायचे. अख्खे टोमॅटो उकळत्या पाण्यात टाकून साल फाटेपर्यंत ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचा एक फायदा हाही आहे.

जातही महत्त्वाची. गोल, रसरशीत, आंबट गावठी टोमॅटो साराला उत्तम. सुपाला लांबट, जाड गराचे घ्यावेत.

बटाटा, भात आणि शिळा पाव

पिठाच्या डब्याकडे जाण्याआधी ज्यांच्या अंगातच पीठ आहे अशा वस्तूंकडे वळावं.

लिटरभर सुपाला एक मध्यम बटाटा पुरतो. भाज्यांबरोबर शिजवायचा आणि डावाच्या पाठीने कुस्करून घोटायचा. मिक्सरमध्ये बटाटा जास्त वेळ फिरवला तर पेशी फुटून सगळं सत्त्व मोकळं होतं आणि सूप तार धरायला लागतं, खळीसारखं चिकट होतं. बाकी भाज्या वाटून घ्या, बटाटा हाताने घोटा, म्हणजे ही भानगड होत नाही. सूप तयार आहे, पाहुणे दारात आहेत आणि रस पातळ आहे, अशा वेळी कच्चा बटाटा बारीक किसणीवर थेट उकळत्या सुपात किसावा. आठ-दहा मिनिटांत कीस विरघळल्यासारखा होतो.

फ्रान्समध्ये कांद्याच्या जातीतल्या लीक या भाजीचं आणि बटाट्याचं सूप पार्मांतिए या नावाने ओळखलं जातं. आंत्वान-ओग्युस्तँ पार्मांतिए (१७३७-१८१३) यांनी बटाट्याकडे संशयाने बघणाऱ्या फ्रेंच लोकांना तो खायला लावला, त्यांचं हे नाव. पोर्तुगालच्या उत्तर भागातल्या काल्दो व्हेर्द या सुपाचा रस्साही घोटलेल्या बटाट्यानेच दाट होतो. वरून हिरव्या पानांच्या केसासारख्या बारीक पट्ट्या टाकतात. पोर्तुगीजांबरोबर ते गोव्यात आलं आणि इथे त्यात पालक पडू लागला. बाहेरचं पीठ त्यात लागत नाही.

भाताचंही तसंच. मूठभर शिळा भात गाजराबरोबर उकळून वाटला तर सूप मखमली होतं आणि गाजराची गोडी झाकली जात नाही. फ्रेंच पद्धतीच्या गाजर-सुपाला तांदूळच लावतात. आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला पेज देतात, तीच करामत. इंद्रायणी, आंबेमोहर असा चिकट, आसट तांदूळ यासाठी जास्त बरा. बासमती सुटा राहतो.

पाव हा दक्षिण युरोपचा उपाय. स्पेनमधल्या कॉर्दोबाचं साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो, शिळा पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र घोटलेलं थंड सूप, इतकं दाट की चमच्याने उचलून खावं. आपल्या टोमॅटो सुपावर पावाचे तळलेले तुकडे तरंगत असतात; एखादी कडा काढलेली स्लाइस सुपातच भिजवून वाटली तर तरंगणाऱ्यांना जरा आधार मिळेल.

डाळी आणि पिठं: आपला जुना मार्ग

मराठी स्वयंपाकाला सूप हा शब्द नवा असेल, पातळ पदार्थाला अंग देणं नवं नाही. अळूच्या फदफद्याला बेसन, ताकातल्या पालकाला बेसन, कढीला बेसन, आंबिलीला नाचणी किंवा ज्वारीचं पीठ, माडग्याला हुलग्याचं पीठ, आमटीला खोबऱ्याचं वाटण, वांग्याच्या रश्श्याला दाण्याचं कूट. यातली जवळपास प्रत्येक युक्ती सुपाला चालते, आणि कॉर्नफ्लॉवरपेक्षा चवीला कितीतरी जास्त देते.

मिश्र भाज्यांच्या सुपासाठी सगळ्यांत वरचं बक्षीस मी मसुरीच्या डाळीला देईन. लिटरभर सुपाला मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम डाळ भाज्यांबरोबरच कुकरला लावायची. ती इतकी मऊ शिजते की रवीने दोनदा घुसळलं तरी दिसेनाशी होते. टोमॅटो-गाजराच्या रंगात तिचा पिवळेपणा लपतो. वर सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात ती वेगळीच. रात्री नुसतं सूप पिऊन झोपणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही. पालक, दुधी, पडवळ अशा फिक्या आणि हिरव्या भाज्यांना मुगाची डाळ. तूरडाळ मात्र टाळावी. ती घातली की सूप लगेच आमटीसारखं लागतं आणि घरातला कोणीतरी भात मागतो.

बेसन लावायचं तर लिटरला एक ते दीड टेबलस्पून, तेही तुपावर खमंग भाजून. कच्चं लावलं तर निदान आठ-दहा मिनिटं उकळावं लागतं, तोवर कच्चट वास जात नाही. दही-ताक असलेल्या सुपात बेसनाचं दुसरंही काम असतं: त्यातलं स्टार्च दुधातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून कढी फुटत नाही.

ज्वारीचं आणि नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून लावावं. चव मातकट-गोडसर येते. मशरूम, लाल भोपळा, शेवगा यांना शोभते, टोमॅटोला नाही. ओट्स हे नव्या काळाचं पीठ. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू पाणी धरतो, म्हणून ते पटकन बुळबुळीत होतात. दोन चमचे भाजून पूड करून घातले तर ठीक, त्याहून जास्त घातले तर सुपाची खीर होते.

दाण्याचं कूट, भिजवलेले काजू, मगज बी, खसखस यांनी दाटपणाबरोबर स्निग्धपणा येतो. पाच-सहा काजू गरम पाण्यात भिजवून बारीक वाटले की क्रीमची गरज राहत नाही.

कॉर्नफ्लॉवर लावायचंच असेल तर

इतकं बोलून झाल्यावर त्याचा मानही राखायला हवा. स्वीट कॉर्न, हॉट अँड सावर, चायनीजच्या गाडीवरचं मंचाव, ही सुपं कॉर्नफ्लॉवरशिवाय होतच नाहीत. त्यांचा रस पारदर्शक, चकचकीत हवा असतो आणि भाज्यांचे बारीक तुकडे त्यात लटकून राहायला हवे असतात. तिथे डाळ-बटाटा घालणं म्हणजे वेगळाच पदार्थ करणं.

दुकानात मागताना पांढरंशुभ्र, बोटांत चिमटलं की कुरकुरल्यासारखं वाटणारं कॉर्नफ्लॉवर घ्यावं. पिवळं मक्याचं पीठ भाकरीचं. ते सुपात कणीदार राहतं.

त्याचं काम कसं चालतं ते एकदा लक्षात घेतलं की गुठळ्यांची भीती जाते. स्टार्चचे सूक्ष्म कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाला बसतात. पाणी ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान तापलं की ते पाणी पिऊन फुगायला लागतात, उकळीच्या जवळ पूर्ण फुगतात आणि त्यांच्यातून सुटलेले लांब रेणू आजूबाजूच्या पाण्याला अडवून धरतात. कोरडं पीठ थेट गरम सुपात टाकलं तर चिमटीच्या बाहेरचे कण क्षणात फुगून चिकट वेष्टण करतात, आतले कोरडेच राहतात. हीच गुठळी. म्हणून आधी थंड पाण्यात कालवायचं, म्हणजे कण सुटे होतात. पाकिटातली सुपंसुद्धा आधी थंड किंवा साध्या पाण्यात कालवा असं सांगतात ते याचसाठी. त्यातही मुख्यतः स्टार्चच असतं.

प्रमाण: लिटरभर सुपाला सपाट दोन टेबलस्पून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. गाडीवरच्यासारखं घट्ट हवं असेल तर तीन. पाव कप थंड पाण्यात कालवावं. ओतायच्या क्षणी पुन्हा ढवळावं, कारण मिनिटभरात पीठ तळाला बसलेलं असतं आणि आपण वरचं पांढरं पाणीच ओतत बसतो. सूप मंद उकळीवर असताना एका हाताने बारीक धार, दुसऱ्या हाताने डाव फिरता ठेवायचा. सगळं एकदम ओतू नये. निम्मं ओतून अर्धा मिनिट थांबलं की किती दाट होतंय ते दिसतं. मग एक-दोन मिनिटं उकळी, की कच्चेपणा गेला. त्याहून जास्त वेळ खळखळ उकळत ठेवलं किंवा जोराने घोटत राहिलं तर फुगलेले कण फुटतात आणि सूप पुन्हा सैल पडतं.

आंबटाचंही तसंच. लिंबू, व्हिनेगर यांच्याबरोबर स्टार्च उकळत राहिलं की त्याचे लांब रेणू तुटतात. हॉट अँड सावरमध्ये व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घालतात त्यामागे चवीइतकंच हेही कारण आहे. टोमॅटो सुपाला कॉर्नफ्लॉवर लावून अर्धा तास मंद आचेवर ठेवून दिलं तर वाढताना ते पुन्हा पातळ झालेलं दिसेल.

एक गंमत. वाटीतलं कॉर्नफ्लॉवरचं सूप शेवटच्या चार चमच्यांत पातळ होतं, हा भास नव्हे. आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं अमायलेझ हे विकर असतं. तोंडातला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत गेला की ते सुपातही पोचतं. म्हणूनच चव बघितलेला चमचा पातेल्यात बुडवू नये, ही आजीची शिस्त शिवाशिवीपुरती नव्हती असं म्हणायला जागा आहे.

गुठळ्या झाल्याच तर घोटत बसू नये, सरळ गाळून घ्यावं. आणि दाट झाल्यावर मीठ-मिरी पुन्हा चाखून बघावी. बहुतेक वेळा चिमूटभर जास्त लागते.

मैदा आणि लोणी

हॉटेलातल्या क्रीम ऑफ टोमॅटो, क्रीम ऑफ मशरूम यांचा पाया हा. लिटरला ३० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतायचा, रंग न बदलू देता, आणि मग दूध किंवा भाजीचं पाणी थोडं थोडं घालत फेटायचं. लोण्यात प्रत्येक कण वेगळा वेगळा माखला जातो, म्हणून इथे थंड पाण्याची गरज पडत नाही. मैद्यात स्टार्चबरोबर प्रथिनंही असतात, त्यामुळे कॉर्नफ्लॉवरच्या साधारण दुप्पट लागतो आणि रस पारदर्शक न राहता दुधाळ दिसतो. मैदा लालसर भाजला तर वास सुंदर येतो, पण दाट करण्याची ताकद घटते. मैदा नको असणाऱ्यांनी कणीक तुपावर भाजून लावावी. रंग जरा मळकट येईल, चव शिऱ्याच्या वाटेवरची, खमंग.

साय, क्रीम, नारळाचं दूध

ही मंडळी सूप दाट करतात त्यापेक्षा दाट भासवतात. स्निग्धांशामुळे जीभ फसते. पाणी खरोखर जास्त असेल तर यांचा उपयोग थोडाच.

धोका फुटण्याचा. दुधातलं केसीन हे प्रथिन आंबट आणि गरम यांच्या जोडगोळीपुढे टिकत नाही. टोमॅटोच्या उकळत्या सुपात फ्रिजमधलं दूध ओतलं तर पनीर तयार. जितकी स्निग्धता जास्त आणि प्रथिनं कमी, तितका धोका कमी, म्हणून दुधापेक्षा साय आणि सायीपेक्षा घट्ट क्रीम सुरक्षित. गॅस बंद करावा, वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन डाव गरम सूप थोडं थोडं मिसळावं आणि मग ते पातेल्यात ओतावं. काही ठिकाणी आंबटपणा मारायला चिमूटभर खायचा सोडा घालतात. क्रीम फुटत नाही हे खरं, पण टोमॅटोचा जीवही जातो. मला ते सूप साबणाच्या नात्यातलं लागतं. नारळाचं दाट दूधही शेवटीच घालावं आणि उकळू देऊ नये.

उपवासाच्या दिवशी

उपवासाला कॉर्नफ्लॉवर आणि डाळी दोन्ही चालत नाहीत, पण पर्याय कमी नाहीत. दाण्याची आमटी हे याचं घरोघरचं उदाहरण: नुसत्या शेंगदाण्याच्या वाटणावर अख्खी आमटी उभी राहते. रताळ्याच्या किंवा, ज्यांना चालतो त्यांच्याकडे, लाल भोपळ्याच्या सुपाला तेच वाटण जिऱ्या-मिरचीबरोबर लावावं. राजगिऱ्याचं आणि शिंगाड्याचं पीठ थंड पाण्यात कालवून लावता येतं. कोकणात मिळणारं तवकीर तर स्वच्छ, पारदर्शक दाटपणा देतं. मात्र ते मंद आचेवर लावून लगेच उतरवावं, फार उकळलं तर सैल होतं.

गिळायला त्रास होत असेल तर

पक्षाघातानंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत पातळ द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि डॉक्टर पेय दाट करून द्यायला सांगतात. इथे घरगुती अंदाज चालत नाही. किती दाट हे ठरवण्यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पातळी-पद्धत आहे, ० ते ७ अशी. १० मिलीची सिरिंज भरून १० सेकंदांत किती द्रव खाली जातो, हे मोजून पातळ पेयांची पातळी ठरते. पातळी कुठली हे गिळण्याची तपासणी करणारे तज्ज्ञच सांगतात. वर सांगितलेला लाळेचा मुद्दा इथे गंमतीचा राहत नाही: स्टार्चने दाट केलेलं सूप तोंडात आणि वाटीत पातळ होत जातं. म्हणून अशा रुग्णांसाठी झँथन गमवर आधारलेल्या पुड्या मिळतात. हा डिंकासारखा पदार्थ एका जिवाणूकडून आंबवून करून घेतात आणि लाळेतलं अमायलेझ त्याला तोडत नाही. गरम-थंड दोन्हींत तो दाटपणा धरतो.

काही सुपं पातळच बरी

कटाची आमटी, टोमॅटोचं सार, कुळथाचं कळण, शेवग्याच्या शेंगांचं पाणी. यांना दाट करायला गेलं तर त्यांची धार जाते. फोडणी, आंबट-तिखट आणि वास यांच्यावर ती चालतात. सूप पाणचट झालं, वेळ नाही आणि घरात डाळ-बटाटाही नाही, तर सरळ तुपात जिरं, मिरी आणि ठेचलेला लसूण यांची खमंग फोडणी द्यावी, चिमूटभर साखर आणि लिंबू घालावं आणि सार म्हणून वाटीत वाढावं. कोणी तक्रार करत नाही.

उरलेलं सूप

पीठ लावलेलं कुठलंही सूप थंड होताना घट्ट होतं, म्हणून हवं त्यापेक्षा जरा पातळ असतानाच गॅस बंद करायचा. डाव बुडवून बाहेर काढावा, त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ क्षणभर टिकली की पुरे.

फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेल्या कॉर्नफ्लॉवरच्या सुपाला दुसऱ्या दिवशी कडेने पाणी सुटतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवलं तर ते स्पंजासारखं होतं. स्टार्चचे रेणू थंडीत पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. मंद आचेवर ढवळत गरम केलं की फ्रिजमधलं बरंचसं जागेवर येतं, फ्रीझरमधलं येत नाही. साठवायचंच असेल तर पीठ न लावलेलं सूप गोठवावं आणि खायच्या दिवशी लावावं. डाळीने किंवा भाजीच्या लगद्याने दाट केलेलं सूप हा त्रास फारसा देत नाही. ते फक्त घट्ट होतं, गरम पाण्याने सैल करता येतं. वाटीभरच उरलं असेल तर त्यात भाजणी, कांदा आणि कोथिंबीर घालून थालीपीठ थापावं. पीठ भिजवायला वेगळं पाणी लागत नाही; मीठ मात्र आधी चाखून मग घालावं.